गच्चीवर मोबाइल टॉवर: सोसायटीतला वाद कसा हाताळायचा

टॉवर कंपनीचं पत्र आलं की सोसायटीत दोन तट पडायला आठवडाही लागत नाही. एका गटाचा हिशेब सुरू होतो: भाडं आलं तर रंगकाम होईल, लिफ्ट बदलता येईल. दुसऱ्या गटाकडून व्हॉट्सअॅपवर कॅन्सरचे फॉरवर्ड येऊ लागतात. मग सभेत दोन तास किरणांवर वाद होतो आणि पुढे कधीतरी कमिटीतले दोघं-तिघं कंपनीच्या छापील मसुद्यावर सह्या करून येतात. त्या मसुद्यात काय लिहिलंय ते कुणी नीट वाचलेलं नसतं.

खरं तर किरणं मोजता येतात आणि तो प्रश्न कागदावर निकाली निघू शकतो. पुढची दहा वर्षं निस्तरावं लागतं ते वेगळंच: गळकी गच्ची, रात्री घरघरणारा जनरेटर, थकलेलं भाडं आणि पुनर्विकासाच्या वेळी जागा सोडायला तयार नसलेली कंपनी. त्यामुळे किरणं, इमारत आणि करार हे तीन विषय सुरुवातीपासूनच वेगळे ठेवा. एकाच सभेत एकाच दमात तिन्ही घेतले तर एकाचाही निकाल लागत नाही.

आधी पत्र खरं आहे का ते पाहा

"तुमच्या गच्चीवर टॉवर बसवतो, ३० लाख आगाऊ देतो, आधी एनओसीचे १५ हजार भरा" असे फोन आणि पत्रं सर्रास येतात. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, टॉवरसाठी कुणालाही एनओसी देत नाही. दूरसंचार विभागही जागामालकाकडून फी किंवा 'सरकारी कर' घेत नाही. खऱ्या कंपनीला भाडं द्यायचं असतं, त्यामुळे ती सोसायटीकडे पैसे मागत नाही. लेटरहेडवर राजमुद्रा असेल तर जास्तच सावध राहा. अशा फोनची तक्रार संचार साथी पोर्टलच्या 'चक्षू' विभागात करता येते. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

पत्र खरं निघालं तरी लगेच भाड्यावर बोलू नका. कंपनीकडून लेखी मागायची माहिती अशी: दूरसंचार विभागाकडच्या नोंदणीचा क्रमांक, कोणते ऑपरेटर येणार, अँटेना किती आणि कोणत्या बँडच्या (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याच्या), प्रत्येक अँटेनाची दिशा, उंची आणि खाली झुकवण्याचा कोन, जाळीचा टॉवर की नुसते खांब, बॅटऱ्या कोणत्या आणि किती वजनाच्या, जनरेटर आहे का, आणि गच्चीचा मापासहित नकाशा. मार्केटिंगचा माणूस "ते सगळं नंतर" म्हणतो. ते आधीच मिळायला हवं, कारण पुढचं सगळं याच माहितीवर चालतं.

किरणं जातात कुठे

टॉवरच्या बरोबर खाली राहणाऱ्यांना सगळ्यात जास्त धोका, हा समज सर्वांत पक्का आहे आणि सर्वांत चुकीचाही. नेहमीची सेक्टर अँटेना (एका ठरावीक दिशेचा भाग, म्हणजे सेक्टर, सांभाळणारी) किरणं टॉर्चच्या झोतासारखी समोर फेकते. आडवा झोत रुंद असतो, म्हणून तीन अँटेना १२०-१२० अंशांवर लावल्या की चहूबाजू झाकल्या जातात. उभा झोत मात्र जेमतेम ६ ते ८ अंशांचा असतो आणि तो काही अंश खाली झुकवलेला असतो.

२५ मीटर उंचीवरची अँटेना ६ अंश झुकवली, तर झोताचा मध्य जमिनीला टेकतो सुमारे २४० मीटरवर. ४० मीटर पुढे गेल्यावर तो फक्त चार मीटर उतरलेला असतो. म्हणजे अँटेना गच्चीपासून सहा मीटर वर असेल, तर ४० मीटरवरच्या इमारतीपाशी झोताचा मध्य तुमच्या गच्चीपेक्षाही दोन मीटर वरच असतो. समोरची इमारत तुमच्याएवढीच असली तर झोत बराचसा डोक्यावरून जातो, दोन मजले उंच असली तर थेट खिडकीत येतो. टॉवरखालच्या टॉप फ्लोअरवर झोताच्या कडेची गळती तेवढी पोचते आणि तिचाही बराच भाग काँक्रीटचा स्लॅब अडवतो.

यातून एक अडचणीची गोष्ट निघते. ज्यांच्यावर झोत जास्तीत जास्त पडणार, ते बहुतेक वेळा शेजारच्या सोसायटीत राहतात. भाडं त्यांना मिळत नाही आणि तुमच्या सभेत त्यांना मतही नसतं. त्यांना आधी विश्वासात घेतलं नाही तर टॉवर उभा राहायच्या दिवशी गेटवर वाद होणार हे धरून चाला.

मर्यादा आणि कागदावरचा हिशेब

आयसीएनआयआरपी ही अशा किरणांच्या सुरक्षित मर्यादा सुचवणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या शिफारशीच्या एक दशांश मर्यादा भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून लागू केली. ती ९०० मेगाहर्ट्झला ०.४५ वॉट प्रति चौरस मीटर, १८०० ला ०.९ आणि २००० च्या वर १ वॉट प्रति चौरस मीटर अशी येते. मोजणी अहवाल हातात आला की त्यात कोणत्या मर्यादेशी तुलना केली आहे आणि ती त्या तारखेला लागू होती का, हे पाहून घ्या. एकाच जागी अनेक बँड असतील तर प्रत्येकाचं मर्यादेशी गुणोत्तर काढून बेरीज करतात आणि ती बेरीज १ च्या आत लागते. प्रत्येक ऑपरेटर सुटा-सुटा मर्यादेत असून उपयोग नाही.

ढोबळ अंदाज घरी बसून काढता येतो. एका कॅरिअरची (अँटेनातून जाणाऱ्या एका रेडिओ वाहिनीची) शक्ती २० वॉट धरा. अँटेना ती एका दिशेला एकवटते, साधारण ५० पट. म्हणजे झोताच्या दिशेला १००० वॉट असल्यासारखा परिणाम. याला १२.५७ ने आणि अंतराच्या वर्गाने भागा. झोताच्या ऐन मध्यात २० मीटरवर येतात ०.२ वॉट प्रति चौरस मीटर, ४० मीटरवर ०.०५ आणि १०० मीटरवर ०.००८. अंतर दुप्पट झालं की आकडा चौपट उतरतो. चार कॅरिअर असतील तर सगळ्यांची बेरीज करा. २० मीटरवर ०.८ होईल आणि तिथे विचार करावा लागेल.

आता हेच ५ मीटरवर करून पाहा: ३.२. इतक्या जवळ हे सूत्र आकडा फुगवून दाखवतं, तरीही मर्यादेच्या आसपास किंवा वर जाण्याची खरी शक्यता असलेली जागा हीच, म्हणजे तुमच्या गच्चीवर अँटेनाच्या तोंडासमोर. टाकी साफ करणारा, डिश टीव्ही जोडणारा, वॉटरप्रूफिंगचे मजूर, संक्रांतीला पतंग उडवणारी मुलं, उन्हाळ्यात पापड वाळत घालणाऱ्या बायका, सगळे तिथे जातात. पुष्कळदा टाकीची शिडी नेमकी अँटेनासमोर दोन-तीन मीटरवर असते आणि नकाशा मंजूर करताना ते कुणाच्याच लक्षात येत नाही. यावर तीन उपाय आहेत: खांब उंच घ्यायला लावा म्हणजे झोत डोक्यावरून जाईल, किंवा अँटेना कठड्याबाहेर तोंड करून लावायला सांगा, किंवा समोरचा भाग जाळी लावून कुलूपबंद करा आणि मराठी-हिंदीत फलक लावा. टाकीचं काम काढायचं असेल तर तेवढा वेळ तो सेक्टर बंद ठेवायला सांगता येतं. तसं करारात लिहून घ्या.

समोरच्या इमारतीसाठी दूरसंचार विभागाने २०१३ च्या सूचनांत एक तक्ता दिला आहे. अँटेनाच्या समोर, तिच्याच उंचीवर इमारत असेल तर १ अँटेनाला २० मीटर, २ ला ३५, ४ ला ४५, ६ ला ५५, ८ ला ६५, १० ला ७० आणि १२ ला ७५ मीटर अंतर हवं. अंतर टेपने किंवा मोबाइलच्या नकाशावर मोजा. हा तक्ता फाइव्ह-जीच्या आधीचा आहे. फाइव्ह-जीची अँटेना झोत सतत फिरवते, त्यामुळे तिथे केवळ तक्त्यावर विसंबू नका, मोजणी करून घ्या.

मोजणी: कुणाकडून, कशी

दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' या पोर्टलवर (२०१७ मध्ये सुरू झालेलं) नकाशावर टॉवर शोधता येतो. त्यावर कोणते ऑपरेटर आहेत आणि तो नियमात बसतो की नाही हे कळतं. त्याच पोर्टलवर ४००० रुपये भरून तुमच्या पत्त्यावर प्रत्यक्ष मोजणी मागवता येते. विभागाची स्थानिक शाखा ती करून देते. मुंबई महानगराचं परिमंडळ वेगळं आहे, तर उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. हे ४००० रुपये विरोधकांना भरायला लावू नका, सोसायटीच्या खर्चातून भरा. चार हजारांत सभेतला निम्मा आवाज खाली येतो.

मोजणीच्या वेळी जागा तुम्ही सुचवा: टॉप फ्लोअरची टॉवरकडची खोली खिडकी उघडून, गच्चीचा टाकीजवळचा भाग, समोरच्या इमारतीतला अँटेनाच्या उंचीचा मजला आणि कुणाची खास तक्रार असेल तर ते घर. वेळ संध्याकाळची घ्या. पहाटे चार वाजता टॉवरवर कॉल-डेटाचा भार नसतो आणि आकडा कमी येतो. नवीन टॉवर असेल तर उभारणीआधी एकदा आणि सुरू झाल्यावर महिन्याभरात पुन्हा, त्याच जागी. आधीचा आकडा नसला तर नंतरच्या आकड्यावर भांडण होतंच.

ऑनलाइन दीड-दोन हजारांत मिळणारं यंत्र कुणीतरी आणतंच. ते लाल दिवा लावून किंचाळतं आणि सभा संपते. त्यातली बरीच यंत्रं मुळात वायरिंगचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र मोजतात. एकक मिलिगॉस किंवा मायक्रोटेस्ला दिसलं तर त्याचा टॉवरशी संबंध नाही. जी रेडिओ लहरी मोजतात ती क्षणिक शिखर दाखवतात, तर मर्यादा सहा मिनिटांच्या सरासरीची असते. शेजारी फोन ठेवला तरी त्यांचा आकडा उडी मारतो. आणि एककांचा घोळ वेगळाच. १ वॉट प्रति चौरस मीटर म्हणजे १००० मिलिवॉट प्रति चौरस मीटर, म्हणजेच १०० मायक्रोवॉट प्रति चौरस सेंटिमीटर. व्होल्ट प्रति मीटरमध्ये हाच आकडा १९.४ आणि ०.४५ वॉटचा १३. कुणी "आमच्याकडे ५००० आलं" म्हटलं की पहिला प्रश्न: एकक कोणतं?

आरोग्याबद्दल सभेत काय बोलावं

दोन्ही बाजूंची टोकाची वाक्यं बंद करा. "कॅन्सर होतोच" हे सिद्ध झालेलं नाही आणि "सगळी अंधश्रद्धा आहे" हे बोलणं उद्धटपणाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओ लहरी '२ब' गटात टाकल्या. या गटाचा अर्थ 'शक्यता आहे, पुरावा मर्यादित' असा. त्यामागचा पुरावा मुख्यतः फोन तासन्‌तास कानाला लावणाऱ्यांचा होता, टॉवरजवळ राहणाऱ्यांचा नाही. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध त्यात आढळला नाही. टॉवरबद्दलही धोका वाढल्याचं दिसलं नाही, मात्र तिथला पुरावा तितका भक्कम नाही असंही त्यात नमूद आहे. सभेत या गोष्टी तारखांसह आणि याच क्रमाने सांगा.

एक उलटी गोष्ट लोकांना ऐकायला आवडत नाही. सिग्नल कमी असला की हातातला फोन जोर वाढवतो. त्यामुळे टॉवर दूर ढकलल्याने डोक्याजवळच्या फोनकडून मिळणारी लहरींची मात्रा कमी होण्याऐवजी वाढू शकते. फोनची एसएआर मर्यादा (शरीरात शोषल्या जाणाऱ्या लहरींची मर्यादा) भारतात १.६ वॉट प्रति किलो आहे. *#०७# डायल केलं की बहुतेक फोनवर त्याचा आकडा दिसतो.

झोप न लागणं, डोकं दुखणं, कानात घूं-घूं अशा तक्रारी येतील. त्यांना "मनाचे खेळ" म्हणू नका, कारण त्रास खरा असतो. टॉवर चालू आहे की बंद हे न सांगता केलेल्या चाचण्यांत अशा लोकांना लहरी ओळखता आलेल्या नाहीत, हे खरं. पण टॉवरबरोबर जनरेटर, एसीचा पंखा आणि रेक्टिफायरची (एसी वीज डीसी करणाऱ्या यंत्राची) शिट्टीही येते आणि ती रात्री दोन वाजता स्लॅबमधून बेडरूममध्ये उतरते. निवासी भागात रात्रीची आवाजमर्यादा ४५ डेसिबल आहे. तक्रारदाराच्या खोलीत आधी आवाज मोजा. बहुतेकदा जनरेटरखाली रबरी पॅड टाकल्यावर किंवा तो जमिनीवर आणल्यावर झोप परत येते.

कोर्टाची कात्रणंही दोन्ही बाजू आणतात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेरमधला एक टॉवर सात दिवसांत बंद करायला सांगितलं, हे खरं. तो आदेश त्या एका टॉवरपुरता होता. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने सांगली जिल्ह्यातल्या चिकुर्डे ग्रामपंचायतीचा टॉवरविरोधी ठराव रद्द केला. किरणांनी अपाय होतो असा शास्त्रीय पुरावा समोर नाही, हे त्यामागचं कारण. हेही खरं. यातलं कुठलंच कात्रण तुमच्या सोसायटीला हो म्हणायला बांधत नाही, नाही म्हणायलाही नाही. गच्ची सोसायटीची आहे. भाडं कमी वाटतं, नकाशा पटत नाही, इमारत जुनी आहे, यातलं कुठलंही कारण नकार द्यायला पुरेसं आहे. किरणांचं कारण पुढे करायची गरजही नाही.

गच्ची आणि इमारत

इथे कंजुषी करू नका. कंपनी स्वतःच्या पॅनलवरच्या इंजिनिअरचं प्रमाणपत्र आणते, ते दीड पानाचं असतं आणि त्यात "इमारत सक्षम आहे" यापलीकडे फारसं काही नसतं. तुमचा स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमा आणि फी कंपनीकडून वसूल करा. २०२२ मध्ये केंद्राच्या नियमांत दुरुस्ती झाली. तेव्हापासून खासगी इमारतीवरच्या टॉवरसाठी स्थानिक संस्थेची परवानगी न मागता आगाऊ लेखी सूचना आणि इंजिनिअरचं प्रमाणपत्र देण्यावर भर आहे. म्हणून "महापालिका बघून घेईल" या भरवशावर राहू नका.

इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर उपविधींप्रमाणे पाच वर्षांतून एकदा आणि ३० च्या पुढे तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट लागतं. ते झालेलं नसेल तर टॉवरचा विषय तिथेच थांबवा. अहवालात या गोष्टी असायलाच हव्यात: सगळा भार कॉलमच्या डोक्यावर घेतला आहे का (दोन कॉलममध्ये लोखंडी आय-सेक्शन टाकून, स्लॅबपासून सहा इंच वर), वाऱ्याचा दाब कोणत्या वेगाला धरला आहे (भारतीय मानकात मुंबईसाठी ४४ आणि पुण्यासाठी ३९ मीटर प्रति सेकंद), आणि बॅटऱ्यांचं वजन कुठे येतं. ४८ व्होल्टची, ६०० अॅम्पिअर-अवरची जुन्या पद्धतीची लेड-अॅसिड बॅटरी बँक सुमारे एक टन भरते. ती स्लॅबच्या मध्यावर ठेवली तर पहिल्या पावसाळ्यात खालच्या छताला भेग दिसते. लिथियम बॅटरी त्यामानाने पुष्कळ हलकी, तीच मागा. पाण्याच्या टाकीवर किंवा लिफ्टच्या मशीन रूमवर खांब उभारू देऊ नका.

गळती होते ती बहुधा खांबाच्या बेसप्लेटच्या बोल्टपाशी. बोल्टसाठी कोबा आणि चायना मोझॅक फोडतात, खालचं वॉटरप्रूफिंग तुटतं आणि वर सिमेंटचा गोळा थापून कामगार निघून जातात. म्हणून काम सुरू होण्याआधी गच्चीचे आणि टॉप फ्लोअरच्या छतांचे तारखेसह फोटो काढा. बोल्ट बसल्यावर त्या भागात मातीचा बांध घालून ४८ तास पाणी साठवून ठेवा आणि खाली ओल येते का बघा. केबल कठड्यावरून ट्रेमधून न्यायच्या, पावसाच्या पाण्याच्या पाइपातून अजिबात नाही. पाइप तुंबला की गच्चीवर तळं होतं.

विजेचं मीटर स्वतंत्र, कंपनीच्या नावावर. सोसायटीच्या कॉमन मीटरवर "तात्पुरतं" कनेक्शन दिलं की ते वर्षभर राहतं. अर्थिंगचे खड्डे आणि तडिताघात-रोधक यांचा चाचणी अहवाल दरवर्षी पावसाळ्याआधी घ्या.

सभा

दोन सभा घ्या. पहिली फक्त माहितीची, मतदान नाही. तिथे कंपनीचा तांत्रिक माणूस (मार्केटिंगचा नको) आणि तुमचा इंजिनिअर दोघं हवेत. समोरच्या इमारतीच्या कमिटीलाही बोलवा. प्रश्न आधी लेखी मागवले तर एकच गृहस्थ चाळीस मिनिटं बोलत नाहीत.

दुसरी विशेष सर्वसाधारण सभा. उपविधींनुसार तिला पूर्ण पाच दिवसांची नोटीस पुरते, तरी इथे १४ दिवस द्या आणि नोटिशीसोबत नकाशा, इंजिनिअरचा अहवाल, मोजणी आणि कराराचा पूर्ण मसुदा पाठवा. हा विषय वार्षिक सभेत 'आयत्या वेळचे विषय' या सदरात घुसडला तर तो ठराव उपनिबंधकांकडे टिकवणं अवघड जातं. कमिटी सभाच बोलवत नसेल, तर एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की कमिटीला महिन्याभरात ती बोलवावी लागते.

टॉप फ्लोअरच्या सभासदांची संमती वेगळ्या कागदावर घ्या, मग बहुमत कितीही मोठं असो. गळती त्यांच्याकडेच होणार असते. भाड्यातला ठरावीक हिस्सा गच्ची-दुरुस्ती निधीत बांधून ठेवला आणि टॉप फ्लोअरची गळती आधी दुरुस्त होईल असं ठरावात आलं, तर अर्धा विरोध मावळतो. त्यांना मेंटेनन्समध्ये सूट द्यायची कल्पना मात्र टाळा. ती लाच वाटते आणि खालच्या मजल्यांवर नवीन कुरबुर सुरू होते.

ठराव असा लिहा:

"मे. ______ यांना सोबतच्या नकाशात दाखवलेल्या ____ चौ. फूट जागेत, जास्तीत जास्त ____ ऑपरेटर व ____ अँटेना एवढ्याच मर्यादेत, ____ वर्षांसाठी परवानगी देण्यात येते. सोसायटीने नेमलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अनुकूल अहवाल, उभारणीपूर्व किरण-मोजणी आणि या सभेत वाचलेल्या मसुद्यानुसार नोंदणीकृत करार या तिन्ही गोष्टी पूर्ण होईपर्यंत काम सुरू होणार नाही. मसुद्यात बदल झाल्यास तो पुन्हा सभेपुढे येईल. बाजूने ____, विरोधात ____, तटस्थ ____."

विरोध करणाऱ्यांची नावं आणि कारणं इतिवृत्तात लिहा. त्यांना ते हवंच असतं, आणि पुढे सहकार न्यायालयात गेलं तर कमिटीलाही त्याचाच आधार होतो.

करार

कंपनीच्या मसुद्यात साधारण १५-२० वर्षांची मुदत असते. त्यांना हवं तेव्हा ३० दिवसांच्या नोटिशीवर निघता येतं, सोसायटीला मात्र येत नाही. दोन्ही बाजूंना सारखीच मुभा मागा. टॉवर कंपनी बहुधा स्वतः ऑपरेटर नसते. ती जागा घेते आणि तीन-चार ऑपरेटरना पोटभाड्याने देते. म्हणून भाडं 'जागेचं' ठरवू नका, 'प्रत्येक ऑपरेटरमागे' ठरवा. नवीन अँटेना किंवा नवा बँड टाकायचा तर आधी लेखी परवानगी आणि नंतर नवी मोजणी. हे कलम नसलं की दोन अँटेनांचा टॉवर पाच वर्षांत बारा अँटेनांचा होतो.

पुनर्विकासाचं कलम मुंबई-पुण्यात सगळ्यात महत्त्वाचं: सोसायटीने पुनर्विकासाचा ठराव केल्यापासून ९० दिवसांत स्वखर्चाने सगळं काढायचं, नुकसानभरपाई मागायची नाही. बारा महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत घ्या. एअरसेल ही मोबाइल कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. अशी प्रक्रिया सुरू झाली की कायद्यानेच वसुली थांबते आणि सोसायटीच्या हाती भाडं नाही, गच्चीवर लोखंड मात्र तसंच, अशी अवस्था होते. वसूल करता येते ती फक्त आधीच हातात असलेली अनामत. काढणी झाल्यावर बोल्टची भोकं बुजवून वॉटरप्रूफिंग पूर्ववत करणं आणि पुन्हा पाणी साठवून पाहणं, हेही याच कलमात टाका.

लिव्ह अँड लायसन्स करार असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार तो नोंदवणं बंधनकारक आहे. टॉवरवर कुठलाही कर निघाला तर तो कोण भरणार हे लिहून घ्या. भाडं हे बाहेरच्याकडून आलेलं उत्पन्न आहे, सभासदांच्या वर्गणीप्रमाणे ते करमुक्त नसतं. टीडीएस, आयकर आणि जीएसटी वजा करून हातात काय राहतं ते सीएकडून काढून घ्या आणि सभेत तोच आकडा सांगा. ठळक अक्षरातलं भाडं आणि प्रत्यक्ष उरणारी रक्कम यात चांगलीच तफावत असते.

टॉवर समोरच्या इमारतीवर असेल तर

इथे मत नाही, करार नाही, त्यामुळे मागणी नेमकी हवी. "टॉवर हटवा" असा अर्ज फिरत राहतो. आधी तरंग संचारवर टॉवर शोधा. नोंदच नसेल तर तीच पहिली तक्रार. मग तुमच्या खिडकीपासून अँटेनापर्यंतचं अंतर, अँटेनांची संख्या आणि त्या तुमच्याकडे तोंड करून आहेत का, याचा फोटोसह कागद करा आणि २०१३ च्या तक्त्याशी ताडून पाहा. ४००० रुपये भरून मोजणी मागवा. जुन्या तपासण्यांचे अहवाल हवे असतील तर दूरसंचार विभागाच्या स्थानिक शाखेकडे माहिती अधिकारात अर्ज करा: अमुक पत्त्यावरच्या टॉवरचं ऑपरेटरचं स्वयंप्रमाणपत्र, शेवटच्या तपासणीची तारीख, मोजलेले आकडे. बांधकाम बेकायदा वाटत असेल तर महापालिकेकडे, जनरेटरच्या आवाजासाठी पोलिस किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. जिल्हाधिकाऱ्यांकडे जिल्हा दूरसंचार समिती असते, तिच्याकडे सगळी कागदपत्रं एकत्र देता येतात.

आकडा मर्यादेपेक्षा जास्त आला तर विभागाची कारवाई होते. मर्यादेत आला पण झोत थेट खिडकीत येत असेल, तरी ऑपरेटरला लेखी विनंती करता येते: सेक्टर २०-३० अंश फिरवा, खांब तीन मीटर उंच करा किंवा झुकाव कमी करा. हे तासा-दोन तासांचं काम असतं, कव्हरेज फारसं बिघडत नाही आणि तक्रार मिटत असेल तर ऑपरेटर बऱ्याचदा तयार होतात. बदल झाला की त्याच खिडकीत, त्याच वेळी पुन्हा मोजणी करून दोन्ही अहवाल एकत्र लावून ठेवा.